वीज पडली लिंबावर, टीव्ही गेला मामीचा

(ऐकायला सवड नसलेल्यांसाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं 'म्हणजे-म्हणजे' थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

हे ऐकताना तुमचा फोन चार्जिंगला असेल आणि बाहेर ढग गडगडत असतील, तर आधी चार्जर काढा. मग निवांत ऐका. का ते पुढं येईलच.

आजची गोष्ट केजची आहे. बीड जिल्ह्यातलं आपलं केज. तिथून धारूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एका वस्तीवर माझ्या मामाचं घर आहे. जुनं माळवद, त्याला चिकटून नंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागं गुरांसाठी पत्र्याचं शेड. मे महिना संपत आला होता. दुपारी चारला आभाळ भरून आलं, वारं सुटलं, धुळीचा लोट उठला आणि पहिला थेंब पडायच्या आधीच बांधावरच्या लिंबावर वीज पडली. लिंब घरापासून साठ-सत्तर पावलांवर. झाडाची साल वरपासून खालपर्यंत पट्टा काढल्यासारखी सोलून निघाली. माणूस, जनावर कुणाला काही झालं नाही, हे पहिलं नशीब.

पण घरात बघा काय झालं. टीव्ही गेला. सेट टॉप बॉक्स गेला. वायफायचा डबा गेला. दोन एलईडी बल्ब गेले. पंखा वाचला. फ्रीज वाचला, कारण त्याचा प्लग मामीनं गडगडाट ऐकून उपसून ठेवला होता. आणि एमसीबीची सगळी बटणं जागच्या जागी. एकही पडलेलं नाही.

शेजारच्या आजी आल्या, त्यांचा पहिला प्रश्न, "घरात कुणी पायाळू हाय का?" पायाळू माणसाकडं वीज ओढली जाते हा आपल्याकडचा जुना समज. त्यात काही तथ्य नाही, पण आजींशी त्या दिवशी कुणी वाद घातला नाही. मामीचा प्रश्न मात्र मला फार आवडला. ती म्हणाली, "लिंबावर पडली तर लिंब जळू दे की. माझा टीव्ही कशापायी गेला?"

हा प्रश्न पावणेतीनशे वर्षं जुना आहे मंडळी. आणि तो पहिल्यांदा ज्या घरात उभा राहिला, तिथंही तक्रार घरातल्या बाईचीच होती.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिन राहायचा. पतंगाची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते, १७५२ सालची. त्याच्या पुढची गोष्ट शाळेत सांगत नाहीत, आणि मला विचाराल तर तीच जास्त रंगतदार आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं स्वतःच्या घरावर लोखंडी सळई उभी केली. तिच्यापासून निघालेली तार जिन्याजवळून खाली आणली. पण मध्येच ती तोडली. दोन टोकांत साधारण वीतभर अंतर ठेवलं, प्रत्येक टोकाला एक घंटा बांधली आणि मधोमध रेशमी दोऱ्यानं पितळेची छोटी गोळी टांगली. ढग विजेनं भारलेला असला की गोळी या घंटेवरून त्या घंटेवर आपटायची. टण टण टण. मध्यरात्रीसुद्धा. एका रात्री तर गोळी थांबली आणि घंटांच्या मधल्या फटीत पांढराशुभ्र उजेडाचा दांडा दिसला, सगळा जिना त्यात उजळून निघाला, असं त्यानं लिहून ठेवलंय.

फ्रँकलिन पुढं लंडनला गेला. बायको डेबोरा घरी एकटी, आणि वादळ आलं की जिन्यात घंटा सुरू. तिनं वैतागून कळवलं. त्यानं १७५८ साली उत्तर पाठवलं, त्याचा मतलब असा, की भीती वाटत असेल तर दोन्ही घंटांना एका तारेनं जोडून टाक, मग वीज गपचूप जमिनीत जाईल.

विजेमुळं घरातल्या वायरिंगमध्ये आलेली तक्रार आणि तिच्यावर पत्रानं सांगितलेला इलाज, याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. इलाज काय होता बघा. तार जाड कर असं नाही, घंटा काढ असंही नाही. मधली फट बुजव. ही फट लक्षात ठेवा. केजला मामीच्या टीव्हीत जे झालं ते याच फटीत झालं.

फट बुजवली नाही तर काय होतं, ते १७५३ सालीच दिसलं होतं. रशियात सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिशमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करत होता. त्याच्या घराच्या छपरावरून सळईची तार खोलीत आली होती, पण ती जमिनीला जोडलेलीच नव्हती. किती वीज येते हे मोजायचं होतं ना, मग जमिनीत घालवून कसं चालेल? ऑगस्टमध्ये वादळ आलं. रिशमान मोजमाप बघायला वाकला आणि उपकरणातून निघालेला निळसर गोळा त्याच्या कपाळावर बसला. जागीच गेला. सळई तीच, ढगही तसेच. फ्रँकलिनच्या जिन्यातली तार शेवटी मातीत पोचत होती, रिशमानच्या खोलीत मातीपर्यंतचा रस्ता त्याच्या अंगातून गेला.

आता आपल्या देशात येऊ. इथं लांबच लांब तारा पहिल्यांदा आल्या त्या दिव्यासाठी नाही, तारेच्या निरोपासाठी. विल्यम ओशॉनेसी नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर, त्यानं १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ प्रयोग केले आणि १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी लाइन टाकली. तारेऐवजी त्यानं लोखंडी सळईच वापरली, कारण इथली वादळं, माकडं, घारी यांच्यापुढं बारीक तार टिकायची नाही. १८५४ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई जोडली गेली आणि १८५५ मध्ये तारसेवा सगळ्यांसाठी खुली झाली.

आता जरा डोळ्यांपुढं आणा. शेकडो मैल उघडी तार, वळवाचा पाऊस, आणि टोकाला टेबलावर ठेवलेलं नाजूक यंत्र. वीज तारेवर कुठंही पडो, नुसती शेजारी पडो, धक्का वाहत वाहत त्या टेबलापर्यंत यायचा. जगभरच्या तारमास्तरांना हा ताप होता. त्यावर निघालेला उपाय म्हणजे फ्रँकलिनच्या घंटाच, पण उलट्या कामाला लावलेल्या. दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळजवळ, मध्ये केसाएवढी फट. एक पट्टी लाइनला, दुसरी जमिनीला. रोजचा निरोपाचा करंट इतका कमजोर, की त्याला ती फट ओलांडता येत नाही. विजेचा धक्का मात्र उडी मारून जमिनीत जातो आणि यंत्र वाचतं. म्हणजे फट ठेवायचीच असेल तर आपल्याला हवी तिथं ठेवा, नाहीतर वीज तिला हवी तिथं शोधून काढते.

पुढचा माणूस मला स्वतःला फार जवळचा वाटतो, ऑलिव्हर लॉज. १८८८ साली त्यानं इंग्लंडमध्ये विजेवर व्याख्यानं दिली आणि टपाल खात्यातल्या विल्यम प्रीस या वजनदार इंजिनिअरशी त्याचा जाहीर वाद झाला. प्रीसचं म्हणणं साधं होतं, तांब्याची जाड तार टाका, वीज सुखानं उतरेल. लॉज म्हणाला, नुसत्या जाडीनं भागत नाही. वीज इतकी अचानक येते, की तारेची लांबी आणि तिची वळणंच तिला आडवी येतात.

आकडे घातले की हे पटतं. साध्या सरळ वायरीतून प्रवाह एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, १०,००० अँपिअरनं वाढला, तर एका मीटर वायरीच्या दोन टोकांत साधारण १०,००० व्होल्टचा फरक पडतो. एकच वायर, कुठं तुटलेली नाही, जळलेली नाही, तरी या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरंच. पडणाऱ्या विजेचा प्रवाह तर ३०,००० अँपिअरच्या आसपास सहज जातो. आपल्या घरातला साधा सॉकेट असतो ५ किंवा ६ अँपिअरचा.

मामाकडं एमसीबी का पडला नाही, त्याचं उत्तर इथंच आहे. एमसीबी कितीही चांगला असला तरी त्याला पडायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा मुख्य धक्का मायक्रोसेकंदांत संपतो. शिपाई शिट्टी तोंडाला लावेपर्यंत चोर शिवार ओलांडून गेलेला असतो.

बरं, हे सगळं परदेशात आणि कलकत्त्यात. आपल्या मराठवाड्यात वायर घरात आली कधी? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला १८८२ मध्ये विजेचे दिवे लागले. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ चं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला तिथून सुटलो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी, २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ सुरू झालं. तोंडातलं ते 'एमएसईबी' अजून जात नाही बघा, मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालं त्याला २००५ पासून इतकी वर्षं झाली तरी. आपल्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक केंद्राचा पहिला संच, ३० मेगावॅटचा, १९७१ मध्ये चालू झाला. मागोमाग १९७२ चा दुष्काळ. विहिरी खोल गेल्या, मोटारी बसल्या, खांब रानारानांत उभे राहिले.

म्हणजे आपल्या भागात वीज बरेचदा विहिरीवर आधी गेली आणि घरात नंतर आली. खांब शेतातून, बांधावरून आले. उघड्या माळावर उंच असं काय उरलं? झाड आणि खांब. वस्तीवरच्या घराला येणारी सर्व्हिस वायर त्याच माळावरून येते. शहरात इमारतींच्या गर्दीत लाइनला जो आडोसा मिळतो तो इथं नाही.

१९८८-८९ मध्ये कुटीर ज्योती योजना आली, गरिबाघरी एका दिव्याचं कनेक्शन. एक होल्डर, एक बटण. रॉकेलच्या चिमणीतून सुटका झाली, ही मोठीच गोष्ट होती. पण एका दिव्याला दोनच तारा लागतात, फेज आणि न्यूट्रल. तिसरी कशाला? मग त्याच दोन तारांना पुढं पंखा जोडला गेला, टीव्ही, मिक्सर, आता फ्रीज आणि वायफाय. वायरिंगचे प्रकारही घरात थरांसारखे बसलेले दिसतात. मामाच्या माळवदात अजून लाकडी पट्टीवर क्लिपा मारलेली बॅटन फिटिंग आहे आणि चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आहे. स्लॅबच्या खोलीत भिंतीतून पाइप नेलेली कन्सील्ड. शेडकडं गेलेली वायर नुसती पत्र्याला तारेनं बांधलेली. तीन पिढ्यांची तीन फिटिंगं, आणि कुठंतरी एकमेकांना गाठ मारून जोडलेली.

आणि तिसरी तार, म्हणजे अर्थिंग? तीन पिनांच्या सॉकेटला वरचं मोठं भोक असतं ना, मामाकडं ते प्रत्येक बोर्डावर होतं. वायर एकाही भोकाला नव्हती.

गंमत अशी, की कायद्यात ही गोष्ट फार आधीपासून आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ३३ वा नियम होता, ग्राहकाच्या जागेत हात पोचेल अशा ठिकाणी अर्थिंगचं टर्मिनल द्यावं आणि ते नीट राखावं असा. १९६६ मध्ये अर्थिंगसाठी वेगळं भारतीय मानक आलं, आयएस ३०४३. कागदावर तिसरी तार तेव्हापासून आहे. तुमच्या मीटरखाली आहे का, ते हा भाग संपल्यावर बघा. नुसतं बघा, हात लावू नका.

आता परत वस्तीवर. तक्रार कशी शोधली ते सांगतो, कारण हा सगळा इतिहास त्या शोधात परत एकदा घडला.

केजहून एक जुने वायरमन काका आले. सत्तरीच्या घरातले, आता एकटे कामाला जात नाहीत, नातवाला बरोबर घेतात. आले आणि अर्धा तास काहीच केलं नाही. चहा घेतला. मी म्हणालो, काका बघताय ना? तर म्हणाले, "गडगडायचं थांबून अर्धा तास होऊ द्या. ईज एकदा पडली म्हंजी काम झालं असं नसतंय." मग मेन बंद केला आणि नुसतं नाकानं फिरले. प्रत्येक बोर्डाजवळ वास घेतला. जळका वास, काळा डाग, फुटलेला गिलावा. टीव्हीच्या मागं, डिशची केबल जिथं बॉक्सला लागते तिथं काजळी होती.

मामीच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. लिंबावर वीज पडली तेव्हा आसपासच्या सगळ्या तारांत धक्का उठला. घरात दोन वेगळ्या वाटांनी तारा येत होत्या, खांबावरून लाइट आणि छतावरच्या छत्रीवरून डिशची केबल. दोघींतला धक्का वेगवेगळा. आणि दोघी भेटतात कुठं? सेट टॉप बॉक्समध्ये. मध्ये जे काही नाजूक होतं ती झाली फट. डेबोराच्या जिन्यातल्या दोन घंटा इथं टीव्हीच्या टेबलावर होत्या. पंख्याची जाड गुंडाळी असला धक्का सोसून जाते, सर्किटचे बारीक तुकडे सोसत नाहीत.

सगळे प्लग काढून मेन चालू केला. काकांनी मीटरपाशी व्होल्टेज मोजलं, २९० च्या पुढं. आणि त्याच वेळी शेजारच्या घरातला पोरगा सांगत आला, आमच्याकडं बल्ब मिणमिणतोय. काका लगेच म्हणाले, न्यूट्रल गेला. घरातला नव्हे, मागं लाइनवर कुठंतरी.

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. डीपीपासून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. तीन फेज वेगवेगळ्या घरांना वाटलेले असतात, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. तो तुटला किंवा जोड ढिला झाला, की घरं आपापसांत व्होल्टेज वाटून घेतात. दोन फेजमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात. ज्याच्याकडं दिवे जास्त चालू त्याला कमी मिळतं, ज्याच्याकडं कमी चालू त्याला जास्त. मामानं सगळे प्लग काढलेले, म्हणून मामाकडं फुगलं. वीज पडल्यावर दुसऱ्या दिवशी जी उपकरणं जळतात, ती कितीदा तरी विजेनं नाही, या मोकळ्या न्यूट्रलनं जळतात. काकांनी मेन पाडला आणि लाइनमनला फोन करायला लावला. खांबावरचा न्यूट्रलचा जोड काळा पडून सुटत आला होता. तो लाइन बंद करून लाइनमननंच बसवला. शिडी लावून आपण चढायचं नाही, एवढं मी माझ्याकडून सांगतो. मामा निघाला होता, मामीनं अडवला.

व्होल्टेज २३० वर आलं. सगळे खूश. काका मात्र जाताना म्हणाले, पहिला पाऊस पडू द्या, मग सांगा.

आठ दिवसांनी पाऊस पडला आणि आरसीसीबी पडायला लागला. आपल्याकडं त्यालाही ईएलसीबीच म्हणतात. मामानं तो मागच्या वर्षी बसवून घेतला होता. ३० मिलिअँपिअरची गळती झाली तरी लाइट पाडतो. मामा म्हणाला, पेटीच खराब झाली, सरळ जोडून टाकू. अशा वेळी ती पेटी काढून वायर सरळ जोडणारे मी स्वतः पाहिलेत, आणि पेटी खरं सांगत होती म्हणून तिला हाकललं, एवढंच त्याचं नाव.

काका परत आले. सगळे प्लग बाहेर, सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर केला. टिकला. मग एकेक एमसीबी वर. तिसऱ्याला पडला. आपल्याला वाटतं, सापडलं, तिसऱ्या लाइनीत बिघाड. काकांनी मान हलवली. घरातले एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल सगळ्यांचे एकाच पट्टीवर जोडलेलेच राहतात. बिघाड न्यूट्रलमध्ये असेल, तर तो ज्या लाइनीचा एमसीबी बंद आहे तिच्यातही असू शकतो आणि दुसऱ्याच लाइनीवर लोड आला की पेटी पडते. मेन बंद करून त्यांनी पट्टीवरचे न्यूट्रल एकेक करून सोडवले आणि प्रत्येकाला मेगर लावला.

मेगर म्हणजे वायरीचं आवरण किती शाबूत आहे हे मोजणारं यंत्र. सिडनी एव्हरशेड नावाच्या इंग्रजानं १८८९ मध्ये त्याचं पहिलं पेटंट घेतलं, 'मेगर' हे नाव १९०३ मध्ये नोंदलं गेलं, आणि आज ते कंपनीचं नाव आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं. काकांकडं हातानं दांडा फिरवायचा जुना मेगर होता. घरासाठी ५०० व्होल्टचा पुरतो. बल्ब, रेग्युलेटर सगळं आधी काढायचं, नाहीतर त्यांतलं सर्किट जातं. जुना हिशेब असा, की ५० भागिले पॉइंटची संख्या, इतके मेगाओहम तरी यावेत, आणि सगळ्या घराला मिळून एक मेगाओहम आला तरी चालतो. मामाच्या बाकी लाइनी उत्तम होत्या. शेडच्या लाइनीला काटा शून्याला जाऊन टेकला.

ती वायर आम्ही हातानं चाचपत गेलो, मेन अर्थातच बंद. शेडच्या पत्र्याची कड जिथं वायरीला घासत होती तिथं आवरणावर टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक होतं. वीज पडली त्या दिवशी पत्रा आणि वायर यांच्यात ठिणगी उडाली आणि हे भोक पडलं. आठ दिवस कोरडं होतं म्हणून गप्प होतं. पत्र्यावर पाणी आलं आणि न्यूट्रल पत्र्याला, पत्रा लोखंडी खांबाला, खांब जमिनीला असा रस्ता तयार झाला. गुरं त्याच खांबाला बांधलेली असतात. न्यूट्रलऐवजी भोक शेजारच्या फेजला पडलं असतं आणि पेटी सरळ जोडलेली असती, तर ही गोष्ट मी तुम्हाला अशी हसत सांगितली नसती.

शेडची वायर बदलली, पत्र्यापासून दूर पाइपातून नेली. मग काका म्हणाले, आता खड्डा दाखवा.

अर्थिंगचा खड्डा होता. स्लॅबच्या खोल्या झाल्या तेव्हा केलेला, मीठ-कोळसा भरलेला, झाकण लावलेला. बोर्डापर्यंत त्याची तार आलीच नव्हती, ती मीटरच्या पेटीला बांधून संपवलेली. पण काकांना त्याहून खड्ड्याचीच काळजी होती. झाकण काढलं तर आत माती भेगाळलेली, पाइप आणि माती यांच्यात बोट जाईल एवढी चीर. पहिल्या पावसाचं पाणी झाकणावरून वाहून गेलं होतं, खाली उतरलंच नव्हतं.

आपल्या काळ्या मातीचा स्वभावच असा. ओली असेल तर वीज छान पिते. वाळली की आक्रसते, भेगा पडतात आणि पाइपाला सोडून देते. तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली बालाघाटचा काळा खडक, तो तर वीज घेतच नाही म्हटलं तरी चालेल. आता महिने बघा. आपल्याकडं विजा सगळ्यात जास्त कडकडतात त्या वळवाच्या पावसात, एप्रिल ते जून, आणि मग परतीच्या पावसात. आणि जमीन सगळ्यात कोरडी कधी असते? त्याच मे महिन्यात. फ्रँकलिन ज्या फिलाडेल्फियात राहत होता तिथल्या जमिनीत बाराही महिने ओल असते. त्यानं सांगितलेला इलाज बरोबर होता, पण तारेचं खालचं टोक पोचतं ती माती आपल्याकडं ऐन वेळी तहानलेली असते. फट जिन्यात नाही, जमिनीखाली पडलेली असते.

काकांनी सांगितलेला उपाय फुकटचा होता. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत आठवड्याला दोन घागरी पाणी खड्ड्यात. त्यांच्या उस्तादांनी त्यांना हेच शिकवलं होतं. मग खड्ड्यापासून बोर्डापर्यंत हिरवी वायर आली, शक्य तितकी सरळ आणि आखूड. नातवानं हौसेनं वायरीला दोन वेटोळी घातली होती, दिसायला छान. काकांनी ती सोडायला लावली. "ईजंला वळण आवडत नाही," म्हणाले. लॉजचं नाव त्यांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही.

बोर्डात एक सर्ज प्रोटेक्टरही बसवला, एसपीडी म्हणतात तो. तारमास्तरांच्या त्या दोन पट्ट्यांचा हा पणतू. आत झिंक ऑक्साइडची टिकली असते. साठच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी ती शोधली. २३० व्होल्टला ती गप्प बसते, धक्का आला की वाट मोकळी करून देते, आणि धक्के खाऊन खाऊन एक दिवस संपते. म्हणून त्यावर छोटी खिडकी असते, हिरवी असेल तर ठीक, लाल झाली की बदलायचा. याच्याही जोडण्या अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या, कारण तेच, लॉजचं गणित. आणि खाली अर्थिंग नसेल तर हा महागाचा डबा धक्का टाकणार कुठं? पण थेट घरावरच वीज पडली तर हा एकटा पुरत नाही, तिथं छतावरची सळई आणि तिची वेगळी अर्थिंगच लागते.

आता तुमच्या फोनचं. मोबाइलमुळं वीज अंगावर पडते असे मेसेज दर उन्हाळ्यात फिरतात. मोबाइल वीज ओढून घेत नाही. पण चार्जरला लावलेला फोन कानाला धरला, तर तुम्ही लाइनच्या टोकाला बसलेले तारमास्तर झालात. उलट फोनचा उपयोग करा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत विजा कुठं पडतायत ते दाखवतं. देशात विजेनं दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं जातात, त्यातली बहुतेक उघड्या रानात. ॲपवर ठिपके जवळ यायला लागले की रानातल्या माणसाला आधी फोन करा, टीव्हीचा प्लग नंतर काढा. डिशची केबलसुद्धा काढा, तीच विसरते.

मामाकडं परवा गेलो होतो. लिंबाला सोललेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी नवी साल धरलीय, झाड जगेल. नवा टीव्ही आलाय. खड्ड्याला पाणी घालायचं काम मामाकडं आहे, आणि मामी म्हणते, तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाही या माणसानं, खड्ड्याला मात्र घागरीनं घालतोय.

चला, भेटू पुढच्या भागात.